नूरभाईंच्या फुल्या

‘येथे थुंकू नये’ ही पाटी नूर महंमदांनी त्याच जिन्यात सहाव्यांदा रंगवायला घेतली होती, त्या दिवशी डॉक्टर मेघा त्यांना शोधत आली. एका हातात लाल रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश आणि जुन्या पाटीवरच्या ‘थुंकू’वर नेमकी कुणीतरी मारलेली पिचकारी. नूरभाईंचं डोकं आधीच तापलेलं होतं.

“नूरभाई, तुम्ही चित्रकार आहात ना?” तिनं विचारलं.

“हजेरीपटावर तरी तसंच लिहिलंय,” ते मागं न वळता म्हणाले.

आणि ते खरंच तसं लिहिलेलं होतं. धुळ्याच्या त्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र विभागाच्या हजेरीपटावर एक ओळ होती : चित्रकार, पद एक, नूर महंमद. मूळचे जळगावचे. वडील तिथं दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सराफांच्या पेढ्यांवरची सोनेरी अक्षरं, डाळमिलच्या भिंतींवरची पुरुषभर उंचीची नावं. दहाव्या वर्षी नूर महंमदांच्या हातात ब्रश आला आणि पंचविसाव्या वर्षी, चित्रकलेची पदविका घेऊन, ते धुळ्याला नोकरीला लागले. पहिली दहा वर्षं बरी गेली. हाताच्या नसा, हृदयाचे कप्पे, कानाच्या आतला शंख, सगळं त्यांनी कापडी तक्त्यांवर काढलं. परीक्षेच्या आधी मुलं त्या तक्त्यांसमोर उभी राहून पाठ करायची. मग प्रोजेक्टर आला, संगणक आला, आणि तक्ते गुंडाळून कपाटावर गेले. पद मात्र राहिलं, कारण ते रद्द करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. तेव्हापासून नूरभाई पाट्या रंगवत होते, बरण्यांवरची लेबलं बदलत होते, तपासणी पथक येणार असलं की दारात रांगोळी काढत होते. निवृत्तीला अकरा महिने उरले होते आणि ते दिवस मोजत नव्हते असं म्हणणं खोटं ठरेल.

मेघा धरणगावची. घरी कापसाची शेती, ही घरातली पहिली डॉक्टर. इथं पदव्युत्तर अभ्यासाच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला प्रबंधासाठी माणसाच्या मेंदूतल्या पेशी आणि उंदराच्या मेंदूतल्या पेशी शेजारी ठेवून बघायच्या होत्या. दोघांच्या फांद्या कशा फुटतात, किती लांब जातात, एवढंच.

“मग फोटो काढा की,” नूरभाई म्हणाले. “सूक्ष्मदर्शकावर तो एवढा मोठा कॅमेरा कशाला बसवलाय?”

“कॅमेऱ्यात एका वेळी एकच पातळी स्पष्ट येते. फांदी जरा खाली गेली की धूसर होते. फांदीबरोबर आपोआप खाली-वर जाणारं यंत्र आपल्याकडे नाही, आणि पुण्याला आहे तिथं सात महिने नंबर लागत नाही.” ती एक पायरी वर आली. “कपाटात एक जुनी आरशाची नळी सापडली. सूक्ष्मदर्शकाला लावली की पेशी आणि आपली पेन्सिल दोन्ही एकदम दिसतात. मी करून बघितलं. मला नाही जमलं.”

तिनं वहीचं पान पुढं केलं. नूरभाईंनी ते पाहिलं आणि त्यांच्या कपाळाची शीर उडाली.

“ही पेशी आहे?”

“हो.”

“ही लसणाची गड्डी आहे, मॅडम.”

नाही म्हणायचं त्यांनी ठरवलेलं होतं. पण ते पान त्यांना सहन होईना. ‘येथे थुंकू’ एवढ्यावरच पाटी सोडून ते प्रयोगशाळेत गेले.

प्रयोगशाळेत सुपडू होता. सोनगीरचा, विभागातला जुना परिचर. रसायनात मुरवलेल्या मेंदूच्या तुकड्याचे पातळ काप काढून काचेवर चढवणं हे त्याचं काम. त्यातला उंदराचा तुकडा उंदराचा. माणसाचा तुकडा एका रुग्णाच्या मेंदूतली गाठ काढताना वाटेत आलेला, निरोगी भागातला, रुग्णाच्या सहीनं मिळालेला. दोन्ही बोटाच्या पेराएवढेसुद्धा नव्हते. त्या रसायनाची गंमत अशी, की हजारो पेशींतली एखादीच काळी होते, बाकीच्या दिसतच नाहीत. हळदीच्या रंगावर शाईनं काढल्यासारखी एकटी पेशी उभी राहते.

नूरभाईंनी डोळा लावला आणि पातळी खाली-वर करणारी गोल चकती फिरवली. तुरीचं झाड पाला गळून उभं असावं तसं ते दिसत होतं. मधे त्रिकोणी गाठ, तिच्यातून वर जाणारा एक जाड दांडा आणि बुडाला चहूकडे पसरलेल्या काटक्या.

“काय दिसतंय?” मेघानं विचारलं.

“दिसतंय ते दिसू द्या आधी,” ते खेकसले.

त्यानंतरचे चार महिने खेकसण्यातच गेले. चकती फिरवली की फांदी खाली जाई, तिच्यामागं जायचं. ती दोन ठिकाणी फुटली की एक धरायची, दुसरी लक्षात ठेवायची. मधेच वीज जायची. मधेच कार्यालयातून निरोप यायचा, ‘नूरभाई, वसतिगृहाच्या खोल्यांचे नंबर टाकायचे आहेत.’ मधेच कुणी विद्यार्थी टेबलाला धक्का मारून जायचा आणि सगळं झाड कागदावरून सरकायचं. उंदराची पेशी एका कागदावर मावे. माणसाची मावत नसे. शेजारी दुसरा कागद चिकटवा, खाली तिसरा चिकटवा. गोंद पातळ निघाला म्हणून नूरभाई भांडाराच्या कारकुनाशी भांडले. पेन्सिलींना टोक येत नाही म्हणून पुन्हा भांडले. चष्म्याचा नंबर वाढला तेव्हा भांडायला कुणी नव्हतं, म्हणून घरी येऊन गप्प बसले.

“आज किसपे गुस्सा?” त्यांची बायको खातून ताट वाढताना विचारायची.

“चूहे पे,” ते म्हणायचे. किंवा, “इन्सान पे.” तिला त्यावरून त्या दिवशी काय काढलं ते कळायचं.

काढता काढता त्यांनी स्वतःशी एक रीत पाळली होती, कुणाला न सांगता. फांदी बारीक होत होत आपोआप संपली तर ते टोक तसंच सोडायचे. पण कधीकधी चांगली जाड फांदी कापाच्या कडेला येऊन एकदम थांबायची. म्हणजे ती संपलेली नसायची. सुपडूच्या पात्यानं तिथं कापलेली असायची. काप साध्या कागदाएवढा जाड, फांदी त्याच्या बाहेर गेली की गेली. अशा टोकावर नूरभाई एक बारीक फुली मारत.

“या फुल्या कसल्या?” मेघानं एकदा विचारलं होतं.

“तुटलेली आहे, म्हणून फुली.”

“बरं,” ती म्हणाली आणि तिनं दोऱ्यानं मोजणं चालू ठेवलं. खातूनच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा होता तो. फांदीवरून दोरा ठेवायचा, मग पट्टीला लावायचा. फुल्यांचा विषय तिथंच संपला. प्रबंधाची तारीख तिच्या मानेवर बसलेली होती आणि फुल्यांना तक्त्यात रकाना नव्हता.

तीस उंदराच्या आणि तीस माणसाच्या पेशी झाल्या, बेरजा झाल्या, आणि मेघा ते सगळं घेऊन विभागप्रमुखांकडे गेली. अर्ध्या तासानं परत आली ती पडलेल्या चेहऱ्यानं.

“काय झालं?”

“माणसाची पेशी उंदराच्या दीडपटसुद्धा येत नाही. आत्तापर्यंतच्या शोधनिबंधांत जवळजवळ तिप्पट आहे.” ती खुर्चीवर बसली. “सर म्हणाले, चित्रकारावर विसंबलं की असंच व्हायचं. म्हणाले, वय झालंय, फांद्या सुटल्या असतील. शास्त्र हातानं होत नसतं, म्हणाले.”

नूरभाईंनी पेन्सिल खाली ठेवली. सुपडूनं ते पाहिलं आणि तो हळूच दाराकडे सरकला.

तेहतीस वर्षांत त्यांना पुष्कळ बोलणी खावी लागली होती. पाटी वाकडी आहे, रांगोळी फिकट आहे, लेबल उशिरा झालं. पण फांदी सुटली असं कुणी म्हणालं नव्हतं. ते तडक विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेले. दार ढकललं तेव्हा सर फोनवर होते.

“साहेब, चला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा आणि सुटलेली एक फांदी दाखवा.”

“नूरभाई, मी मीटिंगला निघालोय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

“मी मनाला लावून घेत नाही. मी म्हणतो डोळा लावा.”

“पुढच्या आठवड्यात बघू,” सर म्हणाले आणि निघून गेले. पुढचा आठवडा आला, गेला. सरांनी डोळा लावला नाही.

त्या आठवड्यात नूरभाईंनी सगळ्या काचा पुन्हा मागवल्या. स्वतःचीच साठ चित्रं समोर ठेवून, एकेक काच लावून ताडून पाहिली. एक फांदी सुटलेली सापडली असती तरी त्यांना बरं वाटलं असतं. निदान प्रकरण मिटलं असतं. सापडली नाही. मग चिडून त्यांनी सगळी चित्रं फरशीवर पसरली, डावीकडे उंदीर, उजवीकडे माणूस, आणि स्टुलावर उभे राहिले. वरून पाहताना त्यांना फांद्यांआधी फुल्या दिसल्या. डावीकडे तुरळक. उजवीकडे खसखस सांडल्यासारख्या.

“मॅडम!” ते ओरडले. “तुमच्या या डॉक्टरीत तुटलेल्याला काय म्हणतात?”

मेघा धावत आली. ते स्टुलावरच उभे होते.

“मोजा. फांद्या नका मोजू, फुल्या मोजा.”

तिनं मोजल्या. उंदराच्या एका पेशीला चार-पाच फुल्या. माणसाच्या एका पेशीला वीस, बावीस, एकीला तर सव्वीस. ती खाली बसूनच राहिली.

“लहान झाड कागदाच्या जाडीत बऱ्यापैकी मावतं,” नूरभाई म्हणाले. “मोठं झाड कसं मावेल? त्याचे सगळे हात कापले तुम्ही, आणि मग म्हणता बुटकं आहे. मी पहिल्या दिवसापासून लिहून देतोय, तुटलंय, तुटलंय. वाचतंय कोण?”

मेघाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून नूरभाई आणखी चिडले, कारण आता त्यांना ओरडता येईना.

“मी विचारायला हवं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही सांगितलं होतं आणि मी नुसतं ‘बरं’ म्हटलं.”

“ते जाऊ द्या. पुढं काय?”

पुढं काय, तेच अवघड होतं. तुटलेली फांदी हवेत जात नाही. ती शेजारच्या कापात असते. तो काप मिळाला तर तिच्यामागं जाता येईल. पण मेघानं सुरुवातीला सुपडूला सांगितलं होतं, की मला प्रत्येक तिसरा काप पुरे, बाकीचे ठेवू नका. तुकडा तर कधीच संपला होता.

दोघांनी सुपडूकडे पाहिलं. सुपडूनं दोघांकडे पाहिलं.

“कसाले एवढा तपतस?” तो त्याच्या अहिराणीत म्हणाला. “मॅडमले तिसरा तिसराच जोयजे व्हता. बाकीना बठ्ठा मी ठी दिन्हात.” त्यानं टेबलाखालून दोन लाकडी पेट्या ओढल्या. काप काढला की काचेवर चढवायचा आणि नंबर टाकायचा, या सवयीनं त्यानं एकूण एक काप क्रमानं लावून ठेवला होता. टाकून द्यायचं जिवावर आलं होतं, एवढंच त्याचं म्हणणं.

नूरभाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी पेट्यांकडे पाहिलं, काचांची रांग पाहिली आणि डोक्याला हात लावला. आपण बरोबर होतो याचं बक्षीस म्हणजे सगळं पुन्हा काढायचं.

“साठच्या साठ?” त्यांनी विचारलं.

“नाही. बारा आणि बारा. पण पूर्ण.”

“निवृत्तीला माझे सहा महिने राहिलेत, मॅडम.”

“माहीत आहे, नूरभाई.”

“आणि माझ्या हातून फांद्या सुटतात.”

मेघानं आरशाची नळी पुसून सूक्ष्मदर्शकाला लावली. त्यांनीच सुपडूला म्हटलं, “लाव रे, चौदा नंबरची काच.”

आता एकेक फुली म्हणजे एकेक पत्ता झाला. या काचेवर फांदी जिथं तुटली, बरोबर तिथंच पुढच्या काचेवर तिचं दुसरं टोक शोधायचं. काप चढवताना जरासा फिरलेला असे, कुठं सुरकुतलेला असे. तीन-तीन तास शोधून एक फांदी जुळायची, आणि ती पुढं पुन्हा तुटायची, म्हणजे तिसरी काच. माणसाच्या नवव्या पेशीची एक फांदी पाच काचा ओलांडून गेली. तीन काचा फुटलेल्या निघाल्या. त्यांवरून जाणाऱ्या पेशी सोडून द्याव्या लागल्या. त्या आठवड्यात सुपडू नूरभाईंसमोर आलाच नाही. कार्यालयातून एकदा निरोप आला, की जिन्यातली पाटी दोन शब्दांवर अडकली आहे आणि लोक हसतात. नूरभाईंनी उलट निरोप पाठवला, की लोकांना हसू द्या, थुंकणार तर ते तसेही आहेत.

दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा मेघा घरी जायची सोडून थांबली. नूरभाईही जळगावला भावाकडे लग्न होतं तिथं एकच दिवस जाऊन परत आले. खातूननं त्यावरून दोन दिवस अबोला धरला.

“चार दिवस नाही थांबलात सख्ख्या पुतणीच्या लग्नात,” ती शेवटी म्हणाली. “त्या उंदरांचं आणि तुमचं काय नातं आहे?”

चूक त्यांचीच होती आणि ते त्यांना कळत होतं. दुसऱ्या दिवशी ते तिला प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि भिंतीवर लावलेलं माणसाच्या नवव्या पेशीचं चित्र दाखवलं. सात कागद जोडलेलं. ते भिंतीच्या अर्ध्यावर पसरलं होतं. शेजारी उंदराची पेशी, एका कागदावर.

खातूननं दोन्ही चित्रांवरून बोट फिरवलं. “फांद्या तर तेवढ्याच फुटल्यात,” ती म्हणाली. “जास्त कुठं आहेत?”

मेघा चमकून उठली. नूरभाईंनी चष्मा पुसला. दोघांनी पुन्हा मोजलं. बाराही पेशींत तेच होतं. माणसाची फांदी उंदराच्या फांदीपेक्षा फारशी जास्त वेळा फुटत नव्हती. दोन-तीनदा फुटायची, आणि मग शेवटची काटकी कुठंही न फुटता लांबच लांब, सरळ निघून जायची. नेमक्या त्याच लांब काटक्या पहिल्या वेळी पात्याखाली गेल्या होत्या. त्या धरल्यावर बेरीज तिपटीजवळ आली.

“मी इतके महिने डोळे फोडतोय,” नूरभाई बायकोला म्हणाले, “आणि तू चहा प्यायला येऊन सांगतेस.”

“चहा अजून कुणी दिला नाही,” खातून म्हणाली.

विभागप्रमुखांना आकडे दाखवले तेव्हा ते म्हणाले, “मी म्हणालोच होतो, आधी काहीतरी चुकलंय.” मेघानं नूरभाईंची बाही धरून ठेवली म्हणून ते प्रकरण तिथंच थांबलं.

प्रबंध विद्यापीठाकडे गेला. तोंडी परीक्षेला नागपूरहून आलेल्या परीक्षक बाईंनी आकड्यांचे तक्ते बाजूला सारले आणि मूळ चित्रं मागितली. सात कागदांची गुंडाळी टेबलावर मावेना, म्हणून फरशीवर उलगडली. बाई चपला काढून तिच्या कडेला बसल्या. जुळवलेल्या प्रत्येक टोकावरची पुसट फुली त्यांनी बोटानं शोधली आणि विचारलं, “हे कुणी काढलं?” मेघानं नाव सांगितलं. नूरभाईंना बोलावणं गेलं. ते हात पुसत आले.

“सगळ्या जोडण्यांची खात्री आहे?” बाईंनी विचारलं.

“दोन ठिकाणी नाही. तिथं तुटक रेघ आहे. बघितली असेल तुम्ही.”

“बघितली,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच विचारलं.”

मेघा उत्तीर्ण झाली. प्रबंधाच्या आभारात नूरभाईंचं नाव छपाईवाल्यानं ‘नूर अहमद’ असं टाकलं होतं. पाच प्रती बांधून झाल्या होत्या. नूरभाईंनी पाचही प्रती मागवल्या, काळी शाई घेतली आणि ‘अहमद’चं ‘महंमद’ छापील अक्षराच्या वळणात इतकं बेमालूम केलं, की मेघाला पान उन्हात धरूनसुद्धा फरक कळेना. शाई वाळेपर्यंत ते छपाईवाल्याचा उद्धार करत होते.

महिनाअखेरीस निरोप समारंभ झाला. हार, नारळ, शाल. विभागप्रमुख उभे राहिले आणि कागद बघून म्हणाले, “नूरभाईंसारखा शांत, मितभाषी माणूस मी पाहिला नाही.”

मागच्या रांगेतून सुपडूचा आवाज आला, “हाऊ शांत स्वभावना कोन शे?”

सगळा वर्ग हसला. मेघा हसता हसता खोकायला लागली. नूरभाई हसले नाहीत. शाल खांद्यावरून सारखी घसरत होती, हाराची पिन मानेला टोचत होती, आणि समोरच्या फळ्यावर त्यांच्या निरोपाचं जे वाक्य कुणीतरी खडूनं लिहिलं होतं, त्यातला ‘शुभेच्छा’ हा शब्द चुकलेला होता. भाषण संपायची वाट न बघता ते उठले, खडू घेतला आणि नीट लिहून परत येऊन बसले.